गीता कपाटात, व्हेंटिलेटर उशाशी

अंधेरी घ्या, बोरिवली घ्या, मुलुंड किंवा घाटकोपर घ्या; अतिदक्षता विभागाबाहेरचे दृश्य एकच असते. रात्रीचे अकरा वाजलेले. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मुलगा, सून, एखादा पुतण्या. मुलगी न्यू जर्सीहून फोनवर. पंच्याऐंशी वर्षांचे वडील आत. कर्करोग यकृतापर्यंत पोहोचलेला, मूत्रपिंडे थकलेली, श्वास अपुरा. तरुण डॉक्टर बाहेर येतात, हातात कागद असतो आणि ते एकच प्रश्न विचारतात, ‘व्हेंटिलेटर लावायचा का?’ मुलगा सुनेकडे बघतो, सून पुतण्याकडे. फोनवरची मुलगी रडत म्हणते, ‘सगळे प्रयत्न करा.’ सही होते. पुढचे तीन आठवडे नळ्या, सुया, यंत्रांचे आवाज आणि काचेपलीकडून दिवसातून दोनदा पाच मिनिटांचे दर्शन. शेवटी जे व्हायचे ते होतेच. तेराव्या दिवशी येणारे नातेवाईक म्हणतात, ‘काही कमी पडू दिलं नाही हो मुलाने.’

वडिलांना काय हवे होते? कोणालाच ठाऊक नसते. चाळीस वर्षे नित्यनेमाने गीतेचा अध्याय म्हणणाऱ्या त्या गृहस्थाला, जीर्ण वस्त्र टाकण्याची वेळ आल्यावर ते कसे टाकायचे आहे, हे घरातील एकानेही कधी विचारलेले नसते. त्यांनीही सांगितलेले नसते. सदनिकेचे नामनिर्देशन झालेले, बँकेचा लॉकर जोडनावाने, म्युच्युअल फंडाची कागदपत्रे फाइलमध्ये. केवळ स्वतःच्या अखेरच्या पंधरवड्याविषयी एक ओळही नाही.

याच्या अगदी उलट टोकाला अमेरिकेतील एक जमात आहे. तिने मृत्यूची आखणी मिनिटामिनिटापर्यंत नेली आहे. पण ती आखणी मरण्यासाठी नाही, न मरण्यासाठी आहे. १२ जानेवारी १९६७ रोजी जेम्स बेडफर्ड नावाच्या प्राध्यापकाचा देह मृत्यूनंतर गोठवून ठेवण्यात आला. भविष्यातील विज्ञान आपल्याला पुन्हा उठवील या आशेवर तो आजही तसाच ठेवलेला आहे. ॲरिझोनातील ‘अल्कोर’ ही १९७२ साली स्थापन झालेली संस्था असे देह, आणि स्वस्तात हवे असेल तर नुसते शिर, उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवते. शिर ठेवण्याचा दर कित्येक वर्षे ८० हजार डॉलर होता. आयुर्विम्याच्या रकमेतून तो भागवण्याची सोयही आहे. अमरत्वसुद्धा हप्त्यांवर!

या मंडळींना सरसकट भोंदू म्हणणे मात्र अन्यायाचे होईल, आणि सोपेही. त्यांच्यातील विचारी गटाला आपल्या अडचणी ठाऊक आहेत. रक्तप्रवाह थांबल्यावर मेंदूची नाजूक रचना फार काळ टिकत नाही. नुसते गोठवले तर पेशींत बर्फाचे स्फटिक होतात. म्हणून नवी पद्धत निघाली. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतून आधी ग्लुटारल्डिहाइड नावाचे रसायन सोडायचे, ते प्रथिनांना जागच्या जागी बांधून टाकते. नंतर गोठणप्रतिबंधक द्रव भरून मेंदू अतिशीत तापमानात ठेवायचा. २०१६ मध्ये सशाचा आणि २०१८ मध्ये डुकराचा मेंदू अशा रीतीने राखून दाखवला गेला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चेतापेशींमधील जोडण्या जशाच्या तशा दिसल्या आणि त्याबद्दल ‘ब्रेन प्रिझर्व्हेशन फाउंडेशन’चे पारितोषिकही मिळाले. प्रयोगशाळेतले हे काम खरे आहे. पण जोडण्या दिसल्या म्हणजे माणूस परत आला असे नव्हे. असा राखलेला एकही मेंदू आजवर पुन्हा जागा झालेला नाही आणि तो जागा करण्याची रीत कोणापाशीही नाही. रसायनाने घट्ट बांधलेला मेंदू जैविक अर्थाने मेलेलाच असतो. आशा एवढीच, की पुढे केव्हातरी त्याचा नकाशा वाचून तो संगणकात उतरवता येईल.

आणि इथेच या विषयाला गंभीर वळण लागते. मेंदू उत्तम राखायचा तर तो मरणानंतर काही तासांनी हाती येऊन भागत नाही. शस्त्रक्रियेची तुकडी उशाशी सज्ज हवी, मृत्यूची घटका ठरलेली हवी. म्हणजेच मेंदू राखणाऱ्याला वैद्यकीय साहाय्याने घडवलेला, वेळापत्रकात बसवलेला मृत्यू हवासा वाटू लागतो. ही अतिशयोक्ती नाही. मेंदूत गाठ असलेल्या थॉमस डोनाल्डसन या गणितज्ञाने १९९० साली कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात दाद मागितली, की गाठीने मेंदू पोखरण्यापूर्वी, आपण जिवंत असतानाच, आपल्याला गोठवू द्यावे. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने नकार दिला. तोवर कॅलिफोर्नियात साहाय्यित मृत्यूचा कायदा नव्हता. तो २०१६ पासून लागू झाला आणि दोनच वर्षांत ‘नेक्टोम’ नावाची कंपनी पुढे आली. असाध्य रुग्णाला भूल द्यायची आणि जिवंतपणीच त्याच्या मेंदूत ते रसायन सोडायचे, अशी तिची कल्पना होती. ही प्रक्रिया शंभर टक्के प्राणघातक आहे हे तिच्या संस्थापकाने स्वतःच सांगितले. तरीही दहा हजार डॉलर अनामत भरून २५ जण प्रतीक्षायादीत उभे होते. गदारोळ झाला, एमआयटी या विख्यात संस्थेने कंपनीशी असलेला संशोधन-संबंध तोडला. पण विचार मेला नाही. मृत्यूच्या अधिकाराची चळवळ आणि मृत्यूला नाकारण्याची चळवळ आज एकाच टेबलावर बसून नियोजन करीत आहेत.

हिंदू मनाला हा विरोधाभास पटकन दिसावा. आपल्या अंत्यविधीत कपालक्रिया आहे. जे पात्र राखण्यासाठी तिकडे नायट्रोजनच्या टाक्या उभ्या आहेत, ते आपल्याकडे चितेवर ज्येष्ठ पुत्राच्या हातून फोडले जाते, जाणाऱ्याची वाट मोकळी व्हावी म्हणून. श्राद्धात पिंड दिले जातात ते पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांना. त्यामागच्या पूर्वजाचा निरोप घ्यायचा असतो. ज्या समाजाने पूर्वजांच्या स्मरणालाही नावानिशी तीन पिढ्यांची मर्यादा घातली, त्याला ‘मी’ अनंतकाळ साठवून ठेवण्याची ही धडपड केविलवाणी वाटली तर नवल नाही. साठवणारेही माणसेच असतात. कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ येथील दफनभूमीच्या तळघरात ठेवलेले देह १९७० च्या दशकात नातेवाइकांचे पैसे येईनासे झाले आणि वितळून गेले. टेड विल्यम्स हा गाजलेला बेसबॉलपटू २००२ मध्ये वारला, तेव्हा त्याला दहन हवे होते की गोठवणे, यावर त्याची अपत्ये एकमेकांविरुद्ध न्यायालयात गेली.

एवढे लिहून थांबता आले असते. पाश्चात्त्यांच्या भोगवादाची टवाळी करून, आपल्या अध्यात्माची पाठ थोपटून वाचक सुखाने झोपी गेला असता. पण मग अंधेरीच्या त्या काचेपलीकडे तीन आठवडे जे चालले होते, त्याला काय नाव द्यायचे? तेही राखणेच होते. ॲरिझोनावाल्याला निदान आशा तरी आहे, कितीही भाबडी असली तरी. आपल्याकडे त्या तीन आठवड्यांत आशा डॉक्टरांना नसते, मुलाला नसते, आणि बोलता आले असते तर वडिलांनाही नसती. असते ती केवळ ‘लोक काय म्हणतील’ याची धास्ती. देह नश्वर आहे असे प्रवचनात ऐकणारा आणि शाखेच्या बौद्धिकात सांगणारा हाच मध्यमवर्ग त्या काचेसमोर पक्का देहवादी होतो. तिकडचा माणूस स्वतःचा देह स्वतःच्या इच्छेने राखतो; इकडे दुसऱ्याचा देह त्याला न विचारता राखला जातो. अधिक पाप कोणते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

वास्तविक या विषयात महाराष्ट्राने कोणाकडून शिकवणी घ्यावी अशी स्थिती नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९६४ मध्ये ‘आत्महत्या नव्हे, आत्मार्पण’ हा लेख लिहिला. जीवितकार्य पूर्ण झालेल्या, देह केवळ ओझे उरलेल्या माणसाने शांतपणे निरोप घेणे आणि निराशेने जीव देणे यांतील भेद त्यांनी तर्काने मांडला. १ फेब्रुवारी १९६६ पासून त्यांनी औषध आणि अन्न थांबवले व २६ फेब्रुवारीला दादरच्या सावरकर सदनात देह ठेवला. आपल्यामागे हरताळ नको, दहन विद्युतदाहिनीतच व्हावे, हेही त्यांनी आधीच लिहून ठेवले होते. आपण सावरकरांचे ‘ने मजसी ने’ सामूहिक गातो. त्यांचे इच्छापत्र किती घरांत वाचले जाते? विनोबांचा मार्ग वेगळा, पिंड वेगळा. पण १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनीही अन्न, पाणी, औषध नाकारले आणि ऐन दिवाळीत, १५ नोव्हेंबरला, ते गेले. घाटकोपर-मुलुंडच्या जैन बांधवांत सल्लेखनेची परंपरा आजही जिवंत आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी तिला आत्महत्येच्या पंक्तीत बसवले, तेव्हा देशभर जैन समाज रस्त्यावर उतरला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. परंपरा आपली असली, तरी या प्रश्नाला कायद्याचे रूप मिळावे म्हणून पहिली खटपट केली ती आपल्या वर्तुळाबाहेरच्या माणसांनी. १९८१ मध्ये मिनू मसानी यांनी मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली. १९८५ मध्ये समाजवादी प्रा. सदानंद वर्दे यांनी महाराष्ट्राच्या विधान परिषदेत उपचार थांबवणाऱ्या डॉक्टरांना संरक्षण देणारे खासगी विधेयक आणले. ते पुढे गेले नाही. त्या वेळी सावरकरांचे नाव घेणाऱ्या किती जणांनी वर्द्यांना पाठिंब्याचे पत्र लिहिले, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

मग अरुणा शानभाग. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयाच्या आवारातच या पंचवीस वर्षांच्या परिचारिकेवर अमानुष हल्ला झाला. मेंदूचा प्राणवायू तुटला आणि पुढची जवळजवळ ४२ वर्षे ती त्याच रुग्णालयातील खाटेवर राहिली. पिंकी विराणी यांच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अरुणाचे अन्न थांबवण्याची मागणी फेटाळली; पण काटेकोर अटींवर निष्क्रिय दयामरणाचे दार या देशात प्रथमच किलकिले केले. केईएमच्या परिचारिकांनी त्या मागणीला विरोध केला होता. पिढ्या बदलल्या, निवृत्त्या झाल्या, तरी त्यांनी अरुणाला पोटच्या पोरीसारखे जपले, अंगाला जखम होऊ दिली नाही. १८ मे २०१५ रोजी ती गेली तेव्हा त्या ओक्साबोक्शी रडल्या. मरणाचा हक्क उठता-बसता सांगणाऱ्यांनी ही सेवा विसरू नये. ज्याला सेवा करायचीच नाही त्याच्या तोंडी हा हक्क शोभत नाही. पण अरुणाला स्वतःला काय हवे होते? तेवढे एक सोडून बाकी सर्वांचे म्हणणे न्यायालयाला ऐकता आले. पंचविशीत कोण लिहून ठेवतो? पंचाहत्तरीत मात्र सबब उरत नाही.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्राला, मान्यता दिली. पण प्रक्रिया अशी जाचक, की न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी मिळवतामिळवता रुग्ण संपावा. २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. स्वतःला बोलता येणार नाही तेव्हा आपल्या वतीने कोण बोलेल, त्याचे नाव त्यात लिहायचे. एक प्रत त्या व्यक्तीकडे, एक कुटुंबाच्या डॉक्टरांकडे, एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे. हा अभिरक्षक वर्षभर कागदावरच राहिला. मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी आपले इच्छापत्र केले, ते जमा करायला कोणी नाही असे दिसताच मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि २०२४ मध्ये महापालिकेने प्रभागांच्या आरोग्य अधिकाऱ्यांवर ही जबाबदारी सोपवली. म्हणजे अंधेरी पश्चिमच्या माणसाला के-पश्चिम, बोरिवलीकराला आर-मध्य, मुलुंडकराला टी आणि घाटकोपरकराला एन विभागाचे कार्यालय. पाणीपट्टीच्या तक्रारीसाठी ज्या जिन्याने चढतो, तोच जिना.

यावर उपनगरातील ज्येष्ठ हळू आवाजात जी शंका बोलून दाखवतात ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. इमारत पुनर्विकासाला गेलेली. दोन खोल्यांची किंमत कोटींत. म्हातारा हातातला कागद घेऊन बसला आणि मुलाला घाई झाली तर? कॅनडाने २०१६ मध्ये साहाय्यित मृत्यूचा कायदा केला आणि २०२१ मध्ये ज्यांचा मृत्यू नजीक नाही अशांसाठीही तो सैल केला. त्या घसरणीकडे पाहता सावधगिरी हवीच. पण भारतीय कायद्याने तो रस्ता घेतलेला नाही. इथे सुई टोचून कोणाला मारता येत नाही. उपचाराने बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम साहाय्य थांबवता येते एवढेच, आणि तेही उपचार करणाऱ्या डॉक्टरांसह दोन तज्ज्ञांचे एक मंडळ, त्यावर बाहेरच्या तज्ज्ञांचे दुसरे मंडळ आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना सूचना, इतक्या पायऱ्यांनंतर. इच्छापत्र लेखी केव्हाही रद्द करता येते. लोभी मुलाला आवर घालणारा आणि अपराधी भावनेने पछाडलेल्या मुलाला दिलासा देणारा हा एकच कागद आहे. ज्याला शेवटच्या क्षणापर्यंत सर्व उपचार हवे आहेत, त्यानेही ते घरात स्पष्ट सांगून, लिहून ठेवावे. त्यात लाज कसली?

आणि मेंदू? तोही राखता येतो, पण दुसऱ्या अर्थाने. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत १९९५ पासून मानवी मेंदूंची पेढी आहे. कंपवात, स्मृतिभ्रंश, मेंदूचे संसर्ग यांचे संशोधन तिथे दान मिळालेल्या मेंदूंवर होते. तिकडचा मेंदू स्वतःसाठी राखलेला. इकडचा परक्याच्या नातवासाठी. हे दान मृत्यूनंतर काही तासांतच घडावे लागते, त्यामुळे मुंबईकराला ते सहज साधेल असे नाही. तरी नेत्रदान आहे, मेंदूमृत्यू झाला तर १९९४ च्या कायद्यानुसार अवयवदान आहे, आणि देहदानासाठी कूपर रुग्णालयाशी जोडलेले महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय पश्चिम उपनगरातच आहे. दधीचीने अस्थी दिल्या, ही कथा आपण मुलांना सांगतो. हिंगोली जिल्ह्यातील कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांनी ती आचरली. देहदानाचे संमतिपत्र त्यांनी हयातीतच भरले होते. २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूटला ते गेल्यावर देह दिल्लीच्या एम्समध्ये पोहोचला आणि विद्यार्थी त्यावर शिकले.

संघकामात आयुष्य घालवलेल्या आणि आता सत्तरी ओलांडलेल्या घरांत येत्या रविवारी जेवणानंतर दूरदर्शन संच बंद करून चार प्रश्न विचारता येतील. बरे होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर हवा का? शेवट रुग्णालयात हवा की आपल्या अंथरुणावर? डोळे, अवयव, देह यांचे काय करायचे? आणि तुम्हाला बोलता येणार नाही तेव्हा तुमच्या वतीने आमच्यापैकी कोणी बोलायचे? उत्तरे तारखेसह लिहून घ्यावीत. आईला मात्र वेगळे बसवून विचारावे. वडिलांसमोर विचारले तर ती ‘हे म्हणतील तसं’ एवढेच म्हणेल.